छातीवरचे नाव

अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या संघातून खेळणाऱ्या मुलाला एकाच वेळी तीन नावे वागवावी लागतात. पहिले विद्यापीठाचे कागदोपत्री नाव. ते पदवीच्या प्रमाणपत्रावर असते. दुसरे त्याचे आटोपशीर रूप. ते गुणफलकावर झळकते. तिसरे संघाचे टोपणनाव. ते गणवेशावर छापलेले असते आणि प्रेक्षक घसा बसेपर्यंत त्याचाच गजर करतात. विद्यापीठाचे दप्तर पहिल्या नावाने चालते, क्रीडा संघटनेचे दुसऱ्या. गर्दी मात्र ओळखते ती तिसऱ्यालाच.

आपल्याकडे ही पद्धत नाही. मुंबई विद्यापीठाचा संघ म्हणजे मुंबई विद्यापीठाचा संघ. त्याला कुणी वाघ किंवा गरुड म्हणत नाही. तिकडे मात्र शिक्षण संपवून चाळीस वर्षे झालेला माणूसही स्वतःची ओळख संघाच्या टोपणनावाने करून देतो. त्यामुळे हे नाव बदला असे कुणी म्हटले की त्याला आपल्या तरुणपणावरच कुणी पाणी ओतल्यासारखे वाटते.

मी कवी माणूस. खेळाच्या डावपेचांपेक्षा मला शब्दांचे डावपेच अधिक कळतात. म्हणून आज एका नावाची गोष्ट सांगतो. हे नाव ब्याऐंशी वर्षे एका विद्यापीठाच्या छातीवर होते, आणि ते उतरवायला एक क्रीडा संघटना, एक न्यायालय, एक विधिमंडळ, दोन आदिवासी जमाती आणि एका संपूर्ण राज्याचे मतदान लागले.

नॉर्थ डकोटा हे अमेरिकेच्या उत्तर सीमेवरचे राज्य. पलीकडे कॅनडा. हिवाळा इतका कडक की बर्फावरची हॉकी हा तिथल्या लोकांचा जीव की प्राण. राज्यातल्या ग्रँड फोर्क्स गावी १८८३ मध्ये विद्यापीठ निघाले. त्याच्या संघाला सुरुवातीला 'फ्लिकरटेल' म्हणत. फ्लिकरटेल म्हणजे गवताळ रानात बिळे करून राहणारी एक खार. निरुपद्रवी प्राणी, पण मैदानात उतरून डरकाळी फोडण्याच्या कामाचा नव्हे. १९३० मध्ये विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रातून मोहीम निघाली आणि खारीच्या जागी 'सू' हे नाव आले. सू ही त्या प्रदेशातली मूळची जमात. पुढे त्याला विशेषण चिकटले आणि 'फायटिंग सू', म्हणजे लढवय्ये सू, असे नाव रूढ झाले.

हे नाव का घ्यावे याची तेव्हा दिलेली कारणे मोठी बोलकी आहेत. राज्यातल्या शेतकी महाविद्यालयाचा प्रतिस्पर्धी संघ स्वतःला 'बायसन', म्हणजे रानगवे, म्हणवत असे. गव्यांचा फडशा पाडायला सू बरे, हे एक कारण. सू लोक लढाऊ आणि देखण्या बांध्याचे, हे दुसरे. तिसरे असे की, 'सू' या शब्दाला घोषणांमध्ये आणि गाण्यांमध्ये यमक सहज जुळते! यमकासाठी आम्ही कवी काय काय कसरती करतो ते मला ठाऊक आहे. पण यमक जुळते म्हणून जिवंत माणसांची एक अख्खी जमात उचलावी आणि त्या जमातीला मात्र विचारूही नये, ही कसरत आमच्या धंद्यातही फारशी कुणी केली नसेल.

विचारायचे तरी कुणाला? विद्यापीठ निघाले त्याच १८८३ साली अमेरिकेच्या सरकारने राखीव प्रदेशांतल्या आदिवासींसाठी एक गुन्ह्यांची नियमावली लागू केली. त्यांचे धार्मिक नृत्यसोहळे तिने गुन्हा ठरवले. १८९० मध्ये सू लोकांचा नामवंत पुढारी सिटिंग बुल याला अटक करायला पोलीस गेले आणि त्या झटापटीत स्टँडिंग रॉक इथे तो मारला गेला. आदिवासींना सरसकट नागरिकत्व मिळाले १९२४ मध्ये. धार्मिक नृत्यांवरचे निर्बंध सरकारने मागे घेतले १९३४ मध्ये. म्हणजे विद्यापीठाने १९३० मध्ये त्यांचे नाव घेतले, तेव्हा त्यांना स्वतःचा धर्म उजळ माथ्याने पाळण्याचीही मोकळीक नव्हती.

आणि मुळात 'सू' हे त्यांचे स्वतःचे नावच नाही. शेजारच्या ओजिब्वे लोकांनी त्यांना एक नाव दिले होते. फ्रेंच व्यापाऱ्यांनी त्या लांबलचक शब्दाचे शेपूट तोडून घेतले, त्याचे 'सू' झाले. ते लोक स्वतःला म्हणतात डकोटा, लकोटा. या शब्दाचा अर्थ मित्र, सोबती. शेजाऱ्यांनी दिलेले नाव, परदेशी व्यापाऱ्यांनी ते तोडले, आणि विद्यापीठाने त्याला 'लढवय्ये' हे विशेषण लावले. जे स्वतःला मित्र म्हणवत होते, त्यांची ओळख लढाई ही ठरली.

आता त्या क्रीडा संघटनेकडे वळू. 'नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन', म्हणजे एन.सी.ए.ए., ही अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांची शिखर संस्था. तिचा जन्म मृत्यूच्या सावलीत झाला. १९०५ च्या हंगामात अमेरिकन फुटबॉल खेळताना इतकी मुले दगावली, की खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांना बोलावून घेतले. त्यातून १९०६ मध्ये ही संघटना उभी राहिली. आज हजाराहून अधिक संस्था तिच्या सदस्य आहेत. कोणता संघ कोणत्या श्रेणीत खेळणार, राष्ट्रीय अजिंक्यपदाचे सामने कुठे होणार, हे ती ठरवते. विद्यापीठाचे वा संघाचे नाव बदलण्याचा अधिकार मात्र तिला नाही. नाव विद्यापीठाचे, अजिंक्यपद संघटनेचे. ही सीमारेषा लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचे सगळे रामायण तिच्यावरच घडले.

नावांविरुद्धची कुरबुर १९७० च्या सुमारास सुरू झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९७२ मध्ये 'इंडियन्स' हे नाव सोडले. ओहायोतल्या मायामी विद्यापीठाने 'रेडस्किन्स', म्हणजे लाल कातडीवाले, हे नाव १९९७ पर्यंत वागवले. इलिनॉय विद्यापीठाची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे १९२६ पासून सामन्याच्या मध्यंतरात 'चीफ इलिनिवेक' नावाचा आदिवासी सरदार मैदानात येऊन नाचत असे. सरदार म्हणजे पिसांचा टोप घातलेला विद्यापीठाचाच एखादा विद्यार्थी. नाव इलिनॉयच्या जमातीचे आणि पेहराव सू लोकांच्या धाटणीचा! खऱ्या आदिवासींच्या नाचावर बंधने होती त्याच काळात हा नाच सुरू झाला.

१९८८ मध्ये शार्लिन टीटर्स नावाची स्पोकेन जमातीची चित्रकार त्या विद्यापीठात शिकायला आली. आपल्या मुलांना घेऊन ती सामना बघायला गेली. नाच सुरू झाला तशी तिची मुलगी खुर्चीत आक्रसत गेली. मुलाने ते हसण्यावारी नेण्याचा प्रयत्न केला. टीटर्सने पुढे सांगितले, की मुलांची ती अवस्था पाहून आपल्याला गप्प बसवेना. त्यानंतर ती हातात फलक घेऊन एकटी मैदानाबाहेर उभी राहू लागली. लोक तिच्या अंगावर थुंकले, धमक्या आल्या. १९९७ मध्ये तिच्यावर 'इन हूज ऑनर?' हा माहितीपट निघाला. 'कुणाच्या सन्मानार्थ?' हा प्रश्नच त्याचे शीर्षक होता. कारण विद्यापीठांचे उत्तर एकच असे: आम्ही तर तुमचा सन्मान करतो!

नॉर्थ डकोटातही हेच उत्तर होते, आणि त्याच्या पाठीशी पैसाही उभा होता. राल्फ एंगेलस्टाड हा त्या विद्यापीठाचा जुना हॉकीपटू. पुढे लास व्हेगासमध्ये जुगारघर आणि हॉटेल चालवून तो गडगंज झाला. विद्यापीठाला त्याने दहा कोटी डॉलरचे हॉकी स्टेडियम बांधून द्यायचे ठरवले. बांधकाम चालू असतानाच नाव बदलण्याची चर्चा निघाली. डिसेंबर २००० मध्ये त्याने विद्यापीठाला पत्र लिहिले: नाव बदललेत तर काम थांबवीन, आतली ऊब बंद करीन आणि इमारत तशीच सोडून देईन. त्या प्रदेशात डिसेंबरात ऊब बंद करणे म्हणजे काय ते सांगायला नको. राज्याच्या उच्च शिक्षण मंडळाने त्याच महिन्यात नाव कायम ठेवले. २००१ मध्ये स्टेडियम उघडले. फरशीत, भिंतींवर, खुर्च्यांच्या कडांना सू योद्ध्याचे हजारो शिक्के कोरलेले. उद्या कुणी नाव बदलायचे म्हटले, तर छिन्नी-हातोडा घेऊन बसावे लागेल अशी ती तजवीज होती.

ऑगस्ट २००५ मध्ये एन.सी.ए.ए.ने निर्णय जाहीर केला. अठरा विद्यापीठे आणि महाविद्यालये यांची नावे किंवा चिन्हे आदिवासींना 'वैरभाव दाखवणारी वा अपमानकारक' ठरवली गेली. संघटनेने कुणालाही 'नाव बदला' असे म्हटले नाही. तो तिचा अधिकारच नव्हता. ती म्हणाली: तुमच्या अंगणात तुम्ही हवे ते नाव लावा, पण फेब्रुवारी २००६ पासून आमच्या अजिंक्यपदाचे यजमानपद तुम्हाला मिळणार नाही आणि आमच्या सामन्यांत ती चिन्हे गणवेशावर चालणार नाहीत.

पण या निर्णयातली मोलाची गोष्ट पुढे आहे. विद्यापीठांनी अपिले केली, तेव्हा संघटनेने एक दार उघडे ठेवले: ज्या जमातीचे नाव तुम्ही घेतले आहे, तिची संमती आणा.

फ्लॉरिडा राज्य विद्यापीठाने ती आणली. त्यांचा संघ १९४७ पासून 'सेमिनोल'. त्यांच्या मैदानात ओसिओलाचा वेश केलेला विद्यार्थी घोड्यावरून येतो आणि पेटता भाला जमिनीत रोवतो. ओसिओला हा सेमिनोलांचा खराखुरा वीर. १८३७ मध्ये तो पांढऱ्या निशाणाखाली बोलणी करायला आला असताना अमेरिकी सैन्याने त्याला दगा देऊन पकडले, आणि पुढच्याच वर्षी तो कैदेत वारला. फ्लॉरिडातल्या सेमिनोल जमातीने मात्र २००५ मध्ये ठराव करून विद्यापीठाला पाठिंबा दिला. त्या घोडेस्वाराचा पेहराव सेमिनोल स्त्रियांनी तयार करून दिलेला होता. हीच जमात पुढच्या वर्षी 'हार्ड रॉक' ही जगभर पसरलेली उपाहारगृहांची साखळी विकत घ्यायला निघाली. म्हणजे 'हो' म्हणणारी ही जमात 'नाही' म्हणण्याइतकी समर्थही होती. यूटा विद्यापीठाला यूट जमातीची संमती मिळाली, सेंट्रल मिशिगनला चिपेवांची. विल्यम अँड मेरी कॉलेजला 'ट्राइब' हे नाव ठेवता आले, पण बोधचिन्हातली पिसे काढावी लागली. इलिनॉयचे नाव राज्याच्या नावावरून आलेले म्हणून राहिले. नाचणारा सरदार मात्र फेब्रुवारी २००७ मध्ये शेवटचा नाचला.

नॉर्थ डकोटाने कोर्टाची पायरी चढली. २००७ मध्ये तडजोड झाली: विद्यापीठाने तीन वर्षांत राज्यातल्या दोन सू जमातींची, स्पिरिट लेक आणि स्टँडिंग रॉक यांची, संमती आणावी, नाही मिळाली तर नाव सोडावे.

आता खरी परीक्षा सुरू झाली. स्पिरिट लेकमध्ये एप्रिल २००९ मध्ये मतदान झाले. सुमारे ६७ टक्के लोकांनी नावाच्या बाजूने कौल दिला! शहरातल्या पुष्कळ पुरोगामी मंडळींना हा धक्काच होता. पण त्या लोकांचे म्हणणे सरळ होते: आमची मुले बातम्यांत दारू आणि बेकारीच्या निमित्ताने दिसतात, एका स्टेडियमात तरी आमचे नाव अभिमानाने घेतले जाते, तेवढे का पुसता? स्टँडिंग रॉकच्या जमात-परिषदेने मात्र संमती नाकारली आणि मतदानही घेतले नाही. तिथेही नाव हवे असणारे लोक होते. १९६९ मध्ये आमच्याच वडीलधाऱ्यांनी विद्यापीठात जाऊन विधिपूर्वक हे नाव दिले, असे ते सांगत. विरोधकांचे म्हणणे वेगळे. समोरच्या संघाचे प्रेक्षक 'सू' या शब्दाला जोडून अर्वाच्य शिव्यांच्या घोषणा देत. आमच्या पोरांनी त्या का ऐकाव्यात? शिवी संघाला असेल, पण नाव तर आमचे आहे!

दोन जमातींपैकी एकीचीच संमती मिळाली. २०१० मध्ये उच्च शिक्षण मंडळाने नाव निवृत्त करायचे ठरवले. मार्च २०११ मध्ये विधिमंडळाने कायदा करून ते परत बसवले. राज्याचे नेते एन.सी.ए.ए.च्या दारी जाऊन आले, संघटना हलली नाही, आणि नोव्हेंबरमध्ये विधिमंडळाने आपलाच कायदा रद्द केला. त्यावर नागरिकांनी सह्यांची मोहीम काढून सार्वमत मागितले. १२ जून २०१२ रोजी राज्याने मतदान केले. सुमारे ६७ टक्के लोकांनी नाव सोडण्याच्या बाजूने मत दिले.

दोन्ही मतदानांत आकडा ६७ टक्क्यांचाच, पण दिशा उलट. नाव ज्यांचे होते त्यांच्यातल्या एका गटाला ते हवे होते; नाव ज्यांनी घेतले होते ते शेवटी सोडायला तयार झाले. बहुतेकांनी ते पश्चात्तापाने सोडले असे मला वाटत नाही. अजिंक्यपदाचे सामने आणि इतर संघांशी खेळण्याची संधी हातची जाईल, ही धास्ती मोठी होती. काही असो, नाव गेले.

ही हकिगत वाचताना मला आपली दोन उदाहरणे आठवल्याशिवाय राहिली नाहीत. एक मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांचे. पारशी, युरोपियन, हिंदू, मुस्लिम आणि इतर अशी धर्मावर बेतलेली संघांची नावे. गांधीजींनी १९४० मध्ये या सामन्यांना विरोध केला आणि १९४५-४६ नंतर ते बंद पडले. ते योग्यच झाले. पण एक फरक ध्यानात घ्या: मुस्लिम नावाच्या संघात निदान मुस्लिम खेळत होते. 'फायटिंग सू' हे नाव बहुतांशी गोऱ्या मुलांच्या छातीवर होते. आणि नाव आपले असले तरी आत जागा मिळतेच असे नाही. पळवणकर बाळूंची गोलंदाजी हिंदू संघाला हवी होती. कर्णधारपद मात्र जातीमुळे त्यांना मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाले.

दुसरे उदाहरण मराठवाडा विद्यापीठाचे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांची घरे जळली, माणसे मारली गेली. १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव मिळाले. आज आंतरविद्यापीठ स्पर्धेत तिथली मुले-मुली ते नाव घेऊन उतरतात. वरवर पाहता दोन्ही लढे उलटे आहेत. तिथे 'आमचे नाव काढा' अशी मागणी, इथे 'आमच्या बापाचे नाव द्या' अशी. पण आतला धागा एकच: आमच्या नावाचे काय करायचे ते आम्हाला विचारा.

मला हा धागा घरचाच वाटतो. पस्तीस वर्षे मराठीत लिहितो आहे, तरी व्यासपीठावर माझी ओळख 'मुस्लिम असूनही मराठीत लिहिणारे कवी' अशी करून दिली जाते. करून देणारा प्रेमानेच बोलतो. त्याला वाटते, तो माझा सन्मान करतो आहे. 'असूनही' हा शब्द कुणाचा, हे मात्र तो मला कधी विचारत नाही. उर्दूत आम्ही शायरांनी यावर एक युक्ती काढली आहे: तखल्लुस. शायर आपले नाव आपणच घेतो. भारतात आंतरविद्यापीठ खेळांत सर्वोत्तम ठरणाऱ्या विद्यापीठाला १९५६-५७ पासून मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या नावाचा करंडक दिला जातो. मौलानांचे मूळ नाव मुहियुद्दीन अहमद. 'आझाद' हे त्यांनी स्वतः निवडलेले नाव. आपल्या विद्यापीठांच्या खेळातला हा मोठा मान एका स्वतः घेतलेल्या नावाचा आहे, याचे मला अप्रूप वाटते.

नॉर्थ डकोटाच्या संघाला २०१२ पासून तीन वर्षे टोपणनावच नव्हते. २०१५ मध्ये 'फायटिंग हॉक्स', म्हणजे लढाऊ ससाणे, हे नाव निवडले गेले. ससाण्यांकडून अजून तरी कुणाची तक्रार आलेली नाही. पण मधल्या त्या तीन वर्षांत मुलांच्या छातीवर नुसते 'नॉर्थ डकोटा' एवढेच असे. लोक हळहळत, आमच्या संघाला नाव उरले नाही म्हणत. खरे तर उरले होते. उत्तरेकडचे डकोटा, उत्तरेकडचे मित्र. शेजाऱ्यांनी ठेवलेले आणि व्यापाऱ्यांनी तोडलेले नाव तेवढे गळून पडले होते. त्या लोकांनी स्वतःला दिलेले नाव राज्याच्या नावात सुखरूप होते, आणि तेच आजही खेळाडूंच्या छातीवर आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)